विकल्पाचे मूळ

परमेश्वराच्या मार्गावर चालणाऱ्या साधकाने सर्वांत अधिक भय बाळगावयाचे ते विकल्पाचे. दारिद्र्याने मनुष्य दीन होतो, व्याधीने शरीर क्षीण होते. विकल्पाने मात्र श्रद्धेचे मूळच सुकते. हा विकल्प उत्पन्न कसा होतो? सामान्य समजूत अशी की, मनुष्य विषयलोलुप होतो, धर्माचे बंधन त्यास नकोसे वाटते आणि मग तो नास्तिक बनतो. क्वचित असे घडतही असेल. पण सर्वत्र हेच कारण मानणे म्हणजे रोग न ओळखता औषध देणे होय.

या दृष्टीने चार्ल्स डार्विन या इंग्रज शास्त्रज्ञाचे चरित्र विचारात घेण्यासारखे आहे. इ. स. १८०९ मध्ये जन्मलेला हा पुरुष केंब्रिज येथे ख्रिस्ती धर्मोपदेशक होण्याच्या हेतूने शिकला. 'बीगल' जहाजावरील प्रवासात (१८३१ ते १८३६) तो बायबलातील वचने प्रमाण म्हणून सांगे आणि त्यावर काही अधिकारी हसत. असा श्रद्धावान मनुष्य १८७९ साली एका पत्रात स्वतःस अज्ञेयवादी म्हणवितो. मधल्या काळात त्याच्या अंतःकरणात काय घडले?

पहिले कारण असे की, त्याची श्रद्धा अनुमानावर उभी होती. घड्याळ आहे त्याअर्थी घड्याळ करणारा आहे; तसाच या सृष्टीचाही रचनाकार असला पाहिजे, हा पेली नावाच्या पंडिताचा युक्तिवाद विद्यार्थिदशेत त्यास फार आवडला होता. प्राण्यांची रचना निसर्गनियमांनी कशी घडत जाते हे पुढे त्याला स्वतःलाच उमगले, तेव्हा ते अनुमान ढासळले. खुंटी निघाली की तिला अडकविलेले वस्त्र खाली पडावयाचेच.

दुसरे कारण धर्मोपदेशाच्या कठोरतेचे. श्रद्धा नसलेल्यांना अनंतकाळ शिक्षा भोगावी लागेल, असे त्याने ऐकले होते. त्यांत आपला पिता, बंधू व जवळचे मित्रही येतात, हे त्याला सहन झाले नाही. त्याने आत्मचरित्रात हे स्पष्ट लिहिले. १८८७ च्या आवृत्तीत घरच्यांनी तो भाग गाळला आणि १९५८ साली त्याच्या नातीने तो पुन्हा छापला. येथे विषयवासना कोठे आहे? येथे स्वजनांविषयीची करुणा आहे.

तिसरे कारण दुःखाचे. १८५१ च्या एप्रिलमध्ये त्याची दहा वर्षांची लाडकी कन्या अॅनी आजारात गेली. या आघाताने त्याची उरलीसुरली श्रद्धा संपली, असे काही चरित्रकार मानतात. परंतु त्याच घरात, त्याच कन्येची माता एम्मा हिची श्रद्धा टिकली. दुःख एकच, परिणाम दोन. म्हणून केवळ दुःखाला दोष देता येत नाही.

या सर्वांहून साधकाने ध्यानी घ्यावी अशी गोष्ट डार्विनने स्वतःच नमूद केली आहे. अश्रद्धा इतक्या सावकाश आली की, तिचा त्रासही जाणवला नाही, असे तो म्हणतो. विकल्पाचे खरे रूप हेच. तो चोरासारखा दार फोडून येत नाही, वाळवीसारखा येतो. आज एका वेळचे स्मरण चुकते, उद्या संतसंग टळतो, मनातली शंका विचारावयाची राहते. बाहेरून सर्व जसेच्या तसे दिसते आणि आतून लाकूड पोखरले जाते.

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामी उत्तरापंथे गेले, तेव्हा श्रीनागदेवाचार्यांवर व भक्तपरिवारावर कोसळलेले दुःख लहान नव्हते. सन्निधान सुटले होते. पण ते एकेकटे शोक करीत बसले नाहीत. ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत ते एकत्र राहिले आणि लीळांचे स्मरण करीत राहिले. एके काळी वाद करण्याच्या ईर्ष्येने आलेल्या म्हाइंभटांनी ज्याने जे पाहिले-ऐकले ते त्याला विचारून लिहून घेतले. 'लीळाचरित्र' हे त्या वियोगातून मिळालेले धन आहे. दुःख स्मरणाच्या हाती पडले तर ग्रंथ होतो, एकांताच्या हाती पडले तर विकल्प होतो.

म्हणून महंतांनी व वासनिकांनी एक विवेक राखावा. ज्याचे मूल गेले त्याला 'देवाची इच्छा' असे सांगून मोकळे होऊ नये. जीवाला त्याचे कर्मफळ देवता भोगवितात. परमेश्वराला तर जीवोद्धरणाचेच व्यसन आहे, हा आपला सिद्धांत. परंतु हा सिद्धांतही शोकाच्या घरी पहिल्याच दिवशी शस्त्रासारखा चालवू नये. आधी त्याच्याजवळ बसावे, त्याचे ऐकावे. विचार मागाहून सांगावा. आणि जो आश्रमात यावयाचा थांबला, त्याची निंदा तर मुळीच करू नये. निंदेने परतीची वाट बंद होते.

विवाहानंतर लवकरच एम्माने पतीला एक पत्र लिहिले. त्याच्या शंका प्रामाणिक आहेत हे मान्य करूनच तिने आपली चिंता सांगितली. ते पत्र डार्विनने अखेरपर्यंत जपले. आपण ते कितीदा चुंबिले व त्यावर रडलो, हे त्याने खाली लिहून ठेवले. त्याचा विकल्प गेला नाही, हे खरे. पण श्रद्धावंताविषयीचा त्याचा आदरही गेला नाही. जो दूर गेला त्याच्या अंतःकरणात एवढी ओल राखणे साधकाच्या हाती आहे. पुढील कार्य परमेश्वराच्या कृपेचे.

दंडवत प्रणाम.