विरक्ताचा विवाह

संसार नाकारणाऱ्या योग्याचा विवाह एखादे शहर दरवर्षी का लावते, हा प्रश्न सोलापूरच्या गड्डा यात्रेत मकरसंक्रांतीच्या सुमारास उभा राहतो. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांशी लग्न करू इच्छिणाऱ्या कुंभारकन्येला त्यांनी आपल्या योगदंडाशी, म्हणजे योग्याच्या हातातील काठीशी, विवाहाची अनुमती दिली, अशी आख्यायिका आहे. येथे वैराग्य मोडत नाही आणि भक्तीही विन्मुख परतत नाही. तलाव खोदण्याच्या श्रमालाही ईश्वरपूजा, म्हणजेच ‘कायक’, मानणाऱ्या या शरणाला, म्हणजे शिवभक्त संताला, हाच तोडगा शोभतो. पांढरी बाराबंदी घातलेला मानकरी योगदंडाचे प्रतीक असलेला उंच नंदीध्वज कमरेच्या आधाराने तोलत, विवाह लागतो त्या संमती कट्ट्याकडे निघतो, तेव्हा हजारो मुठींत अक्षता तयार असतात.