रांगेतला दुसरा माणूस

वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) इथं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. तिथं बीपी दाखवायला आलेल्या वडिलांसोबत तिशीतला मुलगा असतो. तपासणी वडिलांची होते. मला काळजी वाटते ती त्या मुलाची.

आई किंवा वडिलांना उच्च रक्तदाब असला, की मुलांचा धोका वाढतो. दोघांनाही असला तर आणखी. हा धोका रक्तातून येतोच, पण घरातल्या मीठ-लोणच्यातून आणि चिंतेतूनही येतो.

ताणाखाली शरीर कसं वागतं, हे पाहायची एक चाचणी हाइन्स आणि ब्राउन या अमेरिकी डॉक्टरांनी १९३२ साली मांडली. हात मनगटापर्यंत बर्फाच्या पाण्यात मिनिटभर बुडवायचा. रक्तवाहिन्या आकसतात, दाब चढतो. कुणाचा जरासा, कुणाचा भरपूर. ज्यांचा फार चढतो, त्यांच्यात पुढे उच्च रक्तदाब जास्त आढळतो, असं अनेक अभ्यास सांगतात. अर्थात ते भाकीत नव्हे, इशारा आहे.

ताणाची किंमत वर्धा जिल्ह्यानं जवळून पाहिलीय. १९३५च्या डिसेंबरात कामाच्या ओझ्यानं गांधीजींचा रक्तदाब वर्ध्यातच वाढला, आणि त्यांना सक्तीची विश्रांती घ्यावी लागली.

म्हणून आईवडिलांना दवाखान्यात न्याल, तेव्हा आपलाही दंड पुढे करा. आधी अर्धा तास चहा नको, खर्रा नको. पाच मिनिटं शांत बसा. आणि घरात कुणाकुणाला बीपी आहे, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.