ओळख आणि हक्क

तापी जिथे समुद्राला मिळते, तिथे तिच्या उत्तर तीरावर हजीरा आहे. 1980 नंतर खत, वायू आणि पोलाद यांचे कारखाने तिथे उभे राहिले आणि मोरा, इच्छापोर या गावांतील भाड्याच्या खोल्या परप्रांतीय कामगारांनी भरून गेल्या. आमचे आजे-पणजे याच तापीच्या काठाकाठाने, भुसावळहून येणाऱ्या रेल्वेने सुरतेस आले होते. आता आम्हांला इथे कोणी परके म्हणत नाही. आमच्या हातून घडलेली जी गोष्ट सांगायची आहे, तिचे मूळ याच सुखात आहे.

दोन वर्षांपूर्वी चोपड्याकडचा एक कंत्राटी कामगार, दूरच्या नात्याचा धागा शोधीत, आमच्या दारी आला. पंधरा दिवस ताप आणि खोकला. औषधाच्या दुकानातून मागितलेल्या गोळ्यांवर त्याने ते दिवस काढले होते. त्याच्या पगारपत्रकात दरमहा राज्य विमा योजनेची रक्कम वजा होत होती. तो तिला ‘कटिंग’ म्हणे. 1948 च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या या योजनेत 2019 पासून कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के जमा होतात, आणि त्यातून त्याच्यासह त्याच्या कुटुंबाच्या औषधपाण्याची सोय होते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. त्याचे आयुष्मान कार्ड गावी ट्रंकेत होते. ते ‘महाराष्ट्राचे’, म्हणून इथे निरुपयोगी, अशी त्याची समजूत. वस्तुतः 2018 साली सुरू झालेल्या या योजनेत राज्याची सीमा आड येत नाही. योजनेशी जोडलेल्या परराज्यातील रुग्णालयातही दाखल होऊन उपचार घेता येतात. म्हणजे एक दार होते आणि गरज पडल्यास दुसरेही होते; पण वाट ठाऊक नव्हती.

गावाकडे ही वाट कोणाला शिकावी लागत नाही. आशाताई घरी येते, उपकेंद्र पाराजवळ असते, ग्रामीण रुग्णालयात कोणाचा तरी मामा असतोच. स्थलांतरिताचा हक्क कागदोपत्री त्याच्यामागून येतो. आशाताई आणि मामा मात्र गावीच राहतात. इथे ‘केस कढावो’ असे खिडकीतून ऐकल्यावर आपल्याकडचा केसपेपर तो हाच, एवढे उमगायलाही धीर लागतो.

आम्ही काय केले? वाट दाखवली नाही, दूरध्वनी केला. एका रुग्णालयात आमच्या परिचयाचे गृहस्थ आहेत. मुलाला रांगेतून बाजूला घेऊन आत नेण्यात आले. बाकावर एक ओडिया कामगार सकाळपासून बसलेला होता. तोही खोकत होता. त्याने आम्हांला हिंदीत विचारले, “आत तुमचे कोणी आहे का?” प्रश्नात तक्रार नव्हती, निव्वळ चौकशी होती. इथली व्यवस्था कशी चालते, ते तो आमच्याकडून शिकत होता.

आपल्या माणसाला मदत करणे हा धर्मच आहे, असे आम्ही त्या वेळी मनाशी म्हणालो. ते खोटे नाही. परंतु वाट सांगितल्याने कोणाचे काही उणे होत नाही, आणि दूरध्वनीने मात्र कोणाची तरी पाळी जाते. त्या दिवशी कोणाची गेली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. शिवाय ओळखीने मिळालेला उपचार त्या मुलाला काहीच शिकवीत नाही. उद्या खोलीतला सोबती आजारी पडला, तर तो त्याला खिडकीकडे नेणार नाही, आमच्या दारी आणील.

1994 च्या सप्टेंबरात प्लेगच्या भयाने सुरत रिकामी होत असताना अनेक खाजगी दवाखान्यांना कुलपे लागली होती. ज्यांच्यासाठी एरवी मागचे दार उघडे असे, त्यांनाही तेव्हा सरकारी रुग्णालयाच्या पुढच्या दारानेच जावे लागले. आमच्यातील वडीलधारी माणसे तो काळ सांगताना प्लेगाइतकीच या गोष्टीचीही आठवण काढतात. त्यात थोडा अपमान आहे आणि, आम्हांला वाटते, थोडे शहाणपणही.

पुढे आमच्यापैकी काहीजण सुटीच्या दिवशी मोऱ्याला जाऊ लागलो: पगारपत्रकावरील विमा क्रमांक दाखवायचा, कार्ड गावाहून मागवायला सांगायचे, 108 हा क्रमांक दोन्ही राज्यांत एकच आहे हे सांगायचे. ओडिया, भोजपुरी बोलणारेही येऊन बसतात. खिडकीवरचा माणूस माहीतगारालाही दटावून परत पाठवतो, हेही ते आम्हांला ऐकवतात. त्यावर आमच्यापाशी पुरेसे उत्तर नसते.

गेल्या महिन्यात रात्री अकराला आमच्याच भाच्याचा निरोप आला. मुलीला ताप होता. सकाळी रांगेत उभे राहता आले असते. आम्ही त्याच गृहस्थांचा क्रमांक फिरवला.