चेहऱ्याचा भाव

कुष्ठरोगाच्या जंतूला शरीराचे थंड भाग मानवतात. म्हणून तो नाक, कानाच्या पाळ्या, भुवया, हातपाय धरतो. भुवया झडतात, नाकाचा दांडा बसतो, पापणी मिटेनाशी होते. म्हातारपण जे काम सावकाश करते, ते हा रोग औषध मिळाले नाही तर ऐन पंचविशीत उरकतो. बाईला दोन्हींची शिक्षा एकच. चेहरा गेला की तिची किंमत गेली.

आपल्या कायद्यानेही हे हिशेब मानले होते. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते आणि ते वगळायला २०१९ साल उजाडले. बहुविध औषधोपचाराने हा रोग पूर्ण बरा होतो, हे त्याआधी जवळजवळ चाळीस वर्षे ठाऊक होते. कागदावर ही मुभा नवरा-बायको दोघांनाही होती. पण रोगी नवऱ्याची सेवा करणे हा बायकोचा धर्म आणि रोगी बायकोला माहेरी धाडणे हा नवऱ्याचा व्यवहार, ही वाटणी कायद्याच्या आधीपासूनची.

अशी टाकलेली माणसे वरोऱ्याच्या आनंदवनात आली. ते चालवणारी महारोगी सेवा समिती १९४९ची; आनंदवन १९५१ साली सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्यावर उभे राहिले. तिथे कोणाच्या चेहऱ्याला कोणी नाक मुरडण्याचा प्रश्नच नव्हता. बरे झालेल्यांची आपसात लग्ने लागली, संसार झाले. वाकड्या बोटांनी माग चालवला, शेती पिकवली. संस्थापक बाबा आमट्यांना भीक नको होती, काम हवे होते. चेहऱ्याच्या जागी त्यांनी श्रम आणून ठेवले, हे त्यांचे मोठेपण.

पण माझी शंका इथेच सुरू होते. बाबांनी इंदू घुले यांना पसंत केले ते एका लग्नघरी. सारे समारंभात रमले असताना ही मुलगी एका म्हाताऱ्या मोलकरणीला कपडे धुवायला मदत करत होती. चहा-पोह्यांच्या ताटामागे मान खाली घालून बसलेली मुलगी ‘पाहण्या’च्या आपल्या रीतीपुढे ही निवड कितीतरी उजवी. १९४६मध्ये लग्न झाले आणि त्या साधनाताई झाल्या. तरीही मुलीची परीक्षा झालीच. फक्त रूपाऐवजी सेवेची. आणि त्या धुण्याशी बसलेल्या म्हातारीचे नाव काय, हे त्या गोष्टीत कुठेच येत नाही.

बाहेरच्या जगात बाईची पहिली, म्हणजे रूपाची, परीक्षा वयाबरोबर अधिकच कडक होते. गोरेपणाची क्रीम ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ साली बाजारात आली आणि २०२०मध्ये तिने फक्त नाव बदलले. काळी मेंदी आता खेड्यातल्या किराणा दुकानातही लटकलेली असते. ‘तुमचं वय दिसत नाही हं’ याला आपण कौतुक म्हणतो. पुरुषाचे पांढरे केस मात्र अनुभव ठरतात. म्हातारे नवरे आणि कोवळ्या पोरी यांवर बुलढाण्याच्या लेखिका ताराबाई शिंदे १८८२ सालीच कडाडल्या होत्या.

मग चेहरा उतरल्यावर घरात बाईचा मान कशावर टिकतो? हातांवर. आजी पोळ्या लाटते, नातवंडे सांभाळते, लोणची घालते, तोवर ती घराचा आधार. गुडघे गेले, दिसेनासे झाले की तीच बुढी ‘दिवसभर नुसती बसून असते’. रूपाचा जाच गेला असे वाटते, तोवर कामाचा जाच दारात उभा. एक तराजू काढून दुसरा लावला एवढेच.

आनंदवनाला हे कळले असावे. थकलेल्या, बऱ्या झालेल्या कुष्ठरुग्णांसाठी तिथे ‘स्नेहसावली’ आहे, ज्येष्ठांसाठी ‘उत्तरायण’ आहे. श्रमाला एवढे मानणाऱ्या संस्थेने काम न होणाऱ्यांसाठी घरे बांधावीत, हे मला तिथल्या मागांपेक्षाही मोलाचे वाटते.

पाहुणे मात्र मागावरची चादर विकत घेतात, वाकड्या बोटांची किमया पाहून हळहळतात आणि नागपूरची गाडी पकडतात. तुम्ही गेलात तर वृद्धांच्या वस्तीकडेही वळा. फोटो काढू नका, कौतुकही करू नका. तिथल्या एखाद्या आजीजवळ बसा आणि तिला तिचे नाव विचारा.