दुर्मिळतेचा मोह

भाईंदरच्या फलाटावर लोकलची वाट पाहणाऱ्या माणसास घड्याळ कशाला हवें, हें विचारावें लागत नाहीं. परंतु त्याच शहरांतील आमच्या एका वृद्ध स्नेह्यांनीं परवां समारंभांत घालावयाचें एक जुनें, पातळ, सोन्याचें मनगटी घड्याळ पेटींतून काढून दाखविलें, तेव्हां आम्ही विचारांत पडलों. रोज किल्ली न दिल्यास तें बंद पडतें. बाजारांतील स्वस्त क्वार्ट्‌झ घड्याळ त्याहून अचूक चालतें. मग संग्राहक अशा वस्तूवर इतके लुब्ध कां?

कारागिराचा हात, रेखीव तबकडी, बाहीखालीं राहणारी साधी ठेवण यांवर प्रेम करणें हा दोष नव्हे. परंतु ‘दुर्मिळ’ या शब्दांत ‘इतरांजवळ नाहीं’ हाही अर्थ दडलेला असतो. २००९ सालीं न्यूयॉर्कच्या लिलावांत गांधीजींचें चांदीचें झेनिथ घड्याळ, चष्मा, चपला व ताट-वाटी मिळून १८ लक्ष डॉलरांस गेलीं. घड्याळ विकत मिळालें. तें कमरेस बाळगणाऱ्याची वक्तशीरपणाची शिस्त व अपरिग्रह मात्र विकत मिळणारे नव्हते.

तसलीं हजार घड्याळें उद्यां निघालीं, तर आपलें घड्याळ आपणांस तितकेंच प्रिय राहील काय? राहिलें तर तें सौंदर्यप्रेम. न राहिलें तर तो मानाचा लोभ. हा प्रश्न आम्ही स्नेह्यांस विचारला. ते कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं घड्याळास मुकाट्यानें किल्ली दिली.