दुभाजकातली पायवाट

मेरी वॉर्ड ही आयर्लंडमधली विदुषी. सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या जगावर तिने पुस्तकं लिहिली, त्यांतली चित्रंही स्वतःच काढली. ३१ ऑगस्ट १८६९ला नातलगांनी बनवलेल्या वाफेच्या गाडीतून जाताना ती वळणावर खाली फेकली गेली आणि त्याच गाडीच्या चाकाखाली आली. मोटारीच्या इतिहासातला हा बहुधा पहिला बळी, आणि तो गाडीत बसलेल्या माणसाचा. पुढे १८९६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही बाई मुलीबरोबर पायी जात असताना मोटारीखाली सापडली. असं पुन्हा कधी घडू नये, अशी आशा तिच्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या कोरोनरने व्यक्त केली होती, असं सांगतात. भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतले ३२,८२५ पायी चालणारे होते.

गाडीचा वेग तीसवरून साठ झाला की तिच्यातली ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते. धडकेत ती कुठे तरी जिरावीच लागते. गाडीत बसलेल्याभोवती पत्रा असतो, एअरबॅग असते आणि १९५९ साली व्होल्वोच्या नील्स बोलीन यांनी दिलेला तीन ठिकाणी बांधलेला पट्टा असतो. सप्टेंबर २०२२मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री मोटार अपघातात गेले, तेव्हा मागच्या सीटवरच्या पट्ट्याची देशभर चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. पण पहाटे हँडलला किटल्या अडकवून निघालेल्या सायकलवाल्याला कुठला पट्टा बांधणार? त्याच्याजवळ फक्त हाडं आणि कातडी. त्याच्या बातमीत बहुतेकदा नावाआधी ‘अज्ञात वाहनाची धडक’ येते, आणि चर्चा तिथेच संपते.

चौपदरी झालेल्या कुठल्याही महामार्गावर, गाव लागलं की दुभाजकाकडे नीट पाहावं. कण्हेरीची रांग मध्येच तुटलेली असते. लोखंडी कठड्याचा एखादा गज वाकवलेला, किंवा कापूनच काढलेला. मातीत पायांनी गुळगुळीत केलेली वीतभर रुंद वाट. एका बाजूला शाळा आणि एसटीचा थांबा, दुसऱ्या बाजूला शिवार. मधून रस्ता गेला. भुयारी मार्ग आहे, पण तो पुढे, लांब, आणि पावसाळ्यात गुडघाभर पाण्याने भरलेला. डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेल्या म्हातारीने तेवढा वळसा घालावा, ही अपेक्षा कागदावर सोपी आहे. ती घालत नाही आणि नियम मोडणारी ठरते. मला हा ठपका अन्यायाचा वाटतो. रस्ता आखणाऱ्याने तिची चाल मोजलीच नव्हती.

दुसरीकडे ती मोजली गेली आहे. १९७१ साली नेदरलँड्समध्ये चारशेहून जास्त मुलं रस्त्यांवर दगावली. आईबाप रस्त्यावर उतरले, आणि त्या रेट्यातून शहरांची आखणी सायकलींच्या बाजूने झुकली. स्वीडनच्या संसदेने १९९७मध्ये आणखी मूलभूत भूमिका घेतली: माणूस चुकणारच, म्हणून चुकीची शिक्षा मृत्यू होऊ नये अशी रचना करणं ही रस्ता बांधणाऱ्यांचीही जबाबदारी. तिथे जिथे पायी माणूस आणि गाडी एकत्र येतात, तिथला वेग गाडीच्या ताकदीवर न ठरवता माणसाचं शरीर किती सोसू शकतं यावर ठरवायचा, असा विचार झाला.

आपल्याकडे अपघातानंतर पोलीस येतात, पंचनामा होतो, टायरच्या खुणा मोजल्या जातात. अज्ञात वाहनाने मारलेल्याच्या वारसांना २०२२पासून दोन लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. तो अर्ज कुठे करायचा, हे घरच्यांना त्याच दिवशी लेखी सांगितलं जावं. आणि माणूस पडला त्या जागेपासून रस्ता ओलांडायची सर्वांत जवळची सुरक्षित जागा किती मीटरवर होती, हेही त्याच पंचनाम्यात टेप लावून नोंदवलं जावं.