कोणतं हैदराबाद?

डेटाबेसमध्ये दोन हैदराबाद असली तरी त्यांचं आपसात भांडण होत नाही. दोघांचे आयडी वेगळे. नाव म्हणजे स्क्रीनवर दिसणारं नुसतं लेबल. इंजिनिअरच्या दृष्टीने विषय इथेच संपतो. पण माणसाला आपल्या गावाचा आयडी माहीत नसतो. त्याच्याकडे नावच असतं.

तेलंगणातलं हैदराबाद मुहम्मद कुली कुतुबशहाने १५९१ मध्ये वसवलं. सिंधमधलं मियाँ गुलाम शाह कल्होरोने १७६८ मध्ये, नेरूनकोट या जुन्या गावाच्या जागी. आपल्याकडे नुसतं ‘हैदराबाद’ म्हटलं की चारमिनार आणि बिर्याणी. दुसरं हवं असेल तर ‘सिंध’ जोडावं लागतं. मी नांदेडचा, त्यामुळे आमच्या घरात तर हैदराबाद म्हणजे निजामाचंच.

उल्हासनगरच्या एका मैत्रिणीचे आजोबा १९३४ साली सिंधमधल्या हैदराबादेत जन्मले. फाळणीनंतर कल्याणजवळच्या छावणीत आले. त्या छावणीचंच पुढे उल्हासनगर झालं. मध्यंतरी ती त्यांचा एक ऑनलाइन फॉर्म भरत होती. जन्मदेश ‘भारत’ निवडला की यादीत चारमिनारवालं हैदराबाद. ‘पाकिस्तान’ निवडला की शहर बरोबर, पण तो देश तेव्हा नव्हताच. आजोबा म्हणाले, “अगं, मी मुंबई इलाख्यात जन्मलो!”

आणि ते अगदी खरं आहे. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यात होता. म्हणजे आजोबांचं हैदराबाद आणि पुणे एकाच प्रांतात, आणि माझं नांदेड मात्र निजामाच्या राज्यात! ते राज्य भारतात आलं थेट सप्टेंबर १९४८ मध्ये.

मला पडलेला प्रश्न असा, की दोन गावांचं नाव एकच असेल तर खुलासा करायचा भार कुणी उचलायचा? जास्त लोकांना हवं ते शहर यादीत वर ठेवलं, याला माझी हरकत नाही. लाखोंचा एकेक क्लिक वाचतो. पण यादीबाहेरचं उत्तर घ्यायचंच नाही, असं ठरवलं की समोरच्याला दोन खोट्यांपैकी एक निवडावं लागतं. आणि हे दरवेळी त्याच्याच वाट्याला येतं, ज्याचं गाव आधीच सुटलंय. साधा मोकळा रकाना ठेवता येतो: ठिकाण आणि साल. त्यावर आमच्या क्षेत्रातलं ठरलेलं उत्तर असतं की रिपोर्ट जुळत नाहीत, आणि ही ‘एज केस’ आहे. फाळणीत लाखो माणसं घर सोडून आली. एवढ्यांना एज केस म्हणायचं, तर मग मधोमध उरतं कोण?

मैत्रिणीने शेवटी ‘भारत’ निवडलं. हैदराबादच्या पुढे ‘तेलंगणा’ आपोआप उमटलं. ते राज्य झालं २०१४ साली, म्हणजे आजोबा ऐंशी वर्षांचे असताना. फॉर्मला त्यात काहीच खटकलं नाही. हिरवी खूण आली आणि पुढचं पान उघडलं.